प्रीतम सरांचं पान

उमरीतली अंगणवाडी तीस वर्षं चालवून पार्वतीबाई निवृत्त झाल्या, तेव्हा त्यांनी घरी आणल्या त्या चार जाड चिकटवह्या. प्रत्येक मुलाचं एक पान होतं: त्याच्या पहिल्या रेघोट्या, आईचा अंगठा आणि खाली बाईंचा शेरा. सून धम्मप्रियानं त्यांना पानाचा फोटो काढून मोबाइलवर सजवायला आणि त्यात स्वतःचा आवाज भरायला शिकवलं. मग काय, जुन्या मुलांच्या ग्रुपवर रोज एक पान येऊ लागलं.

एका सोमवारी प्रीतमचा नंबर लागला. तो आता नायगावला मुख्याध्यापक होता, तोही कडक. सजावटीच्या फुलपाखरांच्या मधोमध त्याचं पान उघडलं आणि बाईंचा खणखणीत आवाज आला, "प्रीतम. लई रडतो. खडू खातो."

कुणीतरी ते पुढं पाठवलं आणि दुपारपर्यंत प्रीतम सरांच्या शाळेतल्या पोरांनीही ऐकलं. संध्याकाळी सर थेट बाईंच्या दारात.

"बाई, ते पान काढून टाका."

"मोबाइलातलं काढते लेका. वहीतलं खळीनं चिकटवलंय, ते न्हाई निघत."

सरांनी वही ओढून घेतली. त्यांनीच लहानपणी काढलेल्या निळ्या, वाकड्या गाईच्या पोटावर त्यांच्या वारलेल्या आईचा अंगठा उमटला होता. सर वही मांडीवर घेऊन खाली बसले. बाईंनी चहा ठेवला.

चहा पिता पिता सर पुढची पानं उलटू लागले.

"बाई, आमचे साहेब, केंद्रप्रमुख मृत्युंजय सरही तुमच्याकडंच होते न्हवं?"

"हाव. का रं?"

"त्यांचं पान कवा टाकता?"

बाईंनी वही उजेडाकडं सरकवली. मोबाइल सरांनीच धरला.