वाकणारा यंत्रसम्राट

राक्षसपट काढणाऱ्या आमच्या जपानी स्टुडिओत उकिता गेन्पेई राक्षसाची शेपटी होता. डरकाळी आणि नाव दुसऱ्याचं, मागची वळवळ तेवढी त्याची. हिशेबखात्यात आला की तो आधी माझ्यापुढे वाकायचा, मग धक्का लागला म्हणून पंख्यापुढे. फोनवर बोलतानाही वाकायचा आणि कपाळ टेबलावर आपटून घ्यायचा.

पंचेचाळिशीत त्याला पहिली मुख्य भूमिका मिळाली. माणसांना गुलाम करणारा यंत्रसम्राट. बायकोने गल्लीभर शुभप्रसंगाचा लाल चवळीचा भात वाटला.

पहिल्याच प्रसंगात सम्राटाने प्रधानाची मानगूट धरायची होती. प्रधान झालेले कुसाकाबे उकिताहून ज्येष्ठ. त्याने मानगूट धरली आणि "माफ करा हं" म्हणत तो वाकला. कुसाकाबेंचा केसांचा टोप सम्राटाच्या शिंगावर लटकला.

दिग्दर्शक मोरोझुमी म्हणाले, "उकिता-सान, तुम्ही जग जिंकलंय. जग जिंकणारा माफी मागतो का?"

"नाही मागत, साहेब. माफ करा."

"पुन्हा वाकलात तर हा पोशाख उद्या दुसऱ्याच्या अंगावर. तुम्ही परत शेपटीत."

उकिता घाबरला. कपडेपटातल्या तोमेबाईंनी त्याच्या पाठीशी बांबूची पट्टी बांधली. "आता वाकून दाखवा बघू."

"फार आभारी आहे," म्हणत तो ताठच्या ताठ पुढे कलला आणि बाईंच्या इस्त्रीच्या टेबलावर आडवा झाला.

दुपारी बंडाचा प्रसंग होता. कैदी म्हणून आसपासचे पेन्शनर आणि गृहिणी आणल्या होत्या. सगळे भाले घेऊन ओरडत धावले. पुढच्या आजीबाई अगदी जवळ आल्या. कडकन बांबू मोडला आणि सम्राट कमरेत वाकला.

आजीबाई थबकल्या. भाला बाजूला ठेवून त्याही वाकल्या. मागची सगळी फौज वाकली. ते वाकले म्हणून सम्राट पुन्हा वाकला, म्हणून फौज पुन्हा. आधी कोणी थांबायचं ते कोणालाच कळेना. कॅमेरामनही वाकला आणि चित्र जमिनीकडे गेलं. मी सही घ्यायला गेलो होतो. मीही कधी वाकलो ते समजलं नाही.

उकिताने मुखवटा काढला. "साहेब, शेपटी कुठे ठेवलीय?"

मोरोझुमी पोट धरून हसत होते. "राहू दे शेपटी. तोफ नाही, साखळी नाही, आणि बंड मोडलं की हो. असलं भयंकर यंत्र मला लिहिता आलं नव्हतं. सम्राट आता वाकूनच राज्य करेल. चला, जवळून घेऊ. वाका."

उकिताने मुखवटा पुन्हा चढवला, पण उभाच राहिला.

"आता काय झालं?"

"किती वाकू, साहेब? वयाने मोठं कोण, सम्राट की कैदी?"

मोरोझुमींनी पटकथा चाळली. सम्राट गेल्याच वर्षी कारखान्यातून बाहेर पडला होता. "कैदी मोठे."

"मग पूर्णच वाकायला हवं," उकिता म्हणाला आणि शिंगं जमिनीला टेकेपर्यंत वाकला. समोर आजीबाईंनी पुन्हा उचललेला भाला न सांगता खाली ठेवला.