मना आणि तुना

टेनिसच्या दुहेरीत बोलावं लागतं. चेंडू दोघांच्या मधोमध आला की कोणी घ्यायचा ते ओरडून सांगायचं, नाहीतर दोघंही पळतात किंवा दोघंही बघत राहतात. मी भुसावळच्या रेल्वे कॉलनीतला, माझा जोडीदार धुळ्याच्या देवपूरचा. सुरुवातीला आम्ही ‘माझा’, ‘तुझा’ ओरडायचो. धावताना त्यातला नुसता ‘झा’ ऐकू यायचा आणि आमची डोकी आपटायची. माझ्या घरचं ‘माह्या’, ‘तुह्या’ तर त्याहून वाईट. शेवटी त्याची अहिराणी कामी आली. ‘मना’ म्हणजे माझा, ‘तुना’ म्हणजे तुझा. त्यात पहिलं अक्षर ठासून ओरडता यायचं, गोंधळ मिटला.

माझं डोकं तापट. पंचाचा निर्णय पटला नाही की मी रॅकेट आपटणार आणि तो ती मुकाट्याने उचलून देणार. त्याच्या सर्व्हिसला फारसा जोर नव्हता, पण नेटपाशी त्याचा हात असा चालायचा की जोरात आलेला चेंडूही पलीकडे जाऊन गुपचूप बसायचा. कित्येकदा मी खेळायचं सोडून त्याच्याकडेच बघत राहिलोय.

चार वर्षं लहानसहान स्पर्धा खेळल्यावर पुण्याच्या चॅलेंजरला, म्हणजे बड्या स्पर्धांच्या एक पायरी खालच्या स्पर्धेत, आयोजकांनी आम्हाला थेट प्रवेश दिला. पहिली मॅच जिंकली तर जागतिक क्रमवारीत नाव, हरलो तर काहीच नाही. त्याचं घरी ठरलं होतं. यंदा नाव लागलं नाही तर वडिलांच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसायचं. वडिलांना आता एकट्याने होत नव्हतं.

समोर एक परदेशी आणि एक दिल्लीचा. एकेक सेट वाटून झाला आणि दहा गुणांचा टायब्रेक आला. नऊ-आठ, मॅच पॉइंट आमचा. दिल्लीवाल्याने आमच्या डोक्यावरून उंच चेंडू टाकला, तो पार मागच्या रेषेवर पडला. “मना,” माझा जोडीदार ओरडला आणि पळत जाऊन त्याने तो परतवला. दिल्लीवाला जागच्या जागी उभा. चेंडू त्याच्या शेजारून निघून गेला. मी रॅकेट हवेत फेकली.

दिल्लीवाला पंचांकडे गेला. चेंडू रेषेवर पडलेला आणि हा ‘मना’ म्हणाला, म्हणजे हिंदीतलं ‘मना’, चेंडू बाहेर, खेळू नका असं सांगतोय असं मला वाटलं, म्हणून मी थांबलो, असं त्याचं म्हणणं. पंचांनी मला विचारलं. मी सांगितलं, धुळ्याकडे मना म्हणजे माझा. ते खरंच होतं. पंच म्हणाले, जोडीदाराशी बोलणं नियमात बसतं, मॅच तुमची.

माझा जोडीदार म्हणाला, पॉइंट पुन्हा खेळू. तसं करता येत नाही, पंच म्हणाले. मग आमचा पॉइंट त्यांना द्या, हा म्हणाला.

“वेड लागलंय का तुला?” मी त्याचा दंड धरला. “दुकानात बसायचंय?”

“तो खरंच थांबना व्हता,” तो म्हणाला. “आपला पॉइंट नई शे तो.”

“आणि दुकान?”

“बससू, मंग काय.”

नऊ-नऊ झाले. पुढचे दोन्ही गुण आम्ही हरलो. शेवटचा तर मीच रागाच्या भरात नेटमध्ये मारला. तो मात्र हसून दिल्लीवाल्याच्या हातात हात देत होता.

दोन महिने मी त्याचा फोन घेतला नाही. खरं सांगायचं तर राग त्याचा नव्हताच. त्याच्या जागी मी असतो तर गप्प बसलो असतो, हे मला तिथेच कळलं होतं.

पुढच्या मोसमात दुसऱ्या जोडीदाराबरोबर खेळून मी पहिली फेरी जिंकलो. नाव लागलं, अगदी तळाशी. सकाळीच देवपूरहून फोन आला.

“तुनं नाव दुकानमा बठ्ठासले दखाडं मी,” तो म्हणाला. दुकानात आलेल्या प्रत्येकाला त्याने यादीतलं माझं नाव दाखवलं होतं.

दुहेरीच्या क्रमवारीतही नावं जोडीने लावत नाहीत, एकेकट्याची लावतात. हे ठाऊक असूनही फोन ठेवल्यावर मी ती यादी पुन्हा उघडली आणि वरपासून खालपर्यंत त्याचं नाव शोधलं.