सुलभाकाकूंची तीन मिनिटं

शाळांवरच्या परिषदेसाठी अमेरिकेत ॲन आर्बरला उतरले तेव्हा थंडी इतकी होती की बसथांब्यावरच्या मुलामुलींचे फक्त डोळे दिसत होते. त्या थंडीतही एक जण बर्फाच्या ढिगाशेजारून सायकल दामटत चालला होता. भोरहून निघताना शाळा बचाव समितीतल्यांनी मला दोन स्वेटर आणि एक काम दिलं होतं: अमेरिकेत शाळा कशा सुधारतात ते बघून ये. आमच्या डोंगरातल्या कमी पटाच्या शाळा बंद करायला निघालेले साहेब दर बैठकीत परदेशाचे दाखले देतात. म्हटलं, एकदा परदेशच बघू.

विद्यापीठातली परिषद दोन दिवस चालली. वर्गात मुलं किती असावीत, परीक्षा किती घ्याव्यात, अक्षरओळख आधी की गोष्ट आधी, यावर इथले संशोधक सख्ख्या भावांसारखे भांडतात. छोट्या शाळा बंद करण्यावर तर दोन तट पडले. एकाच प्रकारच्या आलेखावर बोट ठेवून एक म्हणाला मुलांचं नुकसान होतं, दुसरी म्हणाली पुढची शाळा चांगली असेल तर फायदा होतो. जेवणाच्या सुट्टीत एका वयस्कर प्राध्यापकांना मी विचारलं, दोन दिवसांत मंचावर प्राथमिक शाळेतली एकही बाई का नाही? त्यांनी हातातलं सँडविच खाली ठेवलं, खरोखर विचार केला आणि म्हणाले की आज कामाचा दिवस आहे, त्या शिकवत असतील. मला राग आला, पण माणूस आवडला. निदान त्यांनी समिती नेमली नाही.

परिषद संपल्यावर माझा कॉलेजातला मित्र रोहन गाडी घेऊन आला. हा मूळचा पुण्याचा, आयटीतला. त्याच्या आत्याकडे, म्हणजे सुलभाकाकूंकडे, मी चार दिवस राहणार होते. वाटेत ट्रॉयला त्याच्या घरी चहा झाला. हे घर का घेतलंत, असं विचारल्यावर तो किचनबद्दल बोलला नाही, बागेबद्दल नाही. म्हणाला, शाळेचं रेटिंग बघून घेतलं. इथे घराच्या जाहिरातीतच जवळच्या शाळेला दहापैकी गुण दिलेले असतात. म्हणजे ज्याला घर परवडतं त्याला शाळा मिळते, आणि याला तुम्ही सरकारी शिक्षण म्हणता, असं मी त्याच्याच सोफ्यावर बसून त्याला सुनावलं.

"बरोबर आहे यार," तो म्हणाला. "तुला मुलं झाली की तूही हेच करशील. बिस्किट घे."

मी बिस्किट घेतलं.

काकूंचं गाव ट्रॉयपासून पंधरा मिनिटांवर आहे. नाव देत नाही, कारण पुढचा प्रसंग त्या गावाला आवडणार नाही. काकू नागपूरच्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या. इंजिनीअर काकांबरोबर तरुणपणी इथे आल्या. मुलं मोठी होऊन दूर गेल्यावर त्या गावातल्या प्राथमिक शाळेत मुलांना वाचायला शिकवायला जाऊ लागल्या, आठवड्यातून तीन सकाळी, बिनपगारी. मी पोचले त्या दिवशी वडाभात होता आणि घरात सुतक असल्यासारखी शांतता. पट कमी झाला म्हणून ती शाळा बंद करायचा ठराव आला होता. उद्या संध्याकाळी स्कूल बोर्ड (गावाने निवडून दिलेली शाळा समिती) मत देणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर शाळेत गेले. दारात नाव लिहून, छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवून आत सोडलं. वाचनालयात जॅस्मिन नावाची सात वर्षांची मुलगी काकूंची वाट बघत होती. टेबलापाशी नाही, टेबलाखाली. ती चारचौघांत तोंड उघडत नाही, फक्त तिथे बसून मोठ्याने वाचते. मग काय, काकूही गुडघे धरत, कण्हत टेबलाखाली शिरल्या. मला बाहेरून दोघींचे पायच दिसत होते, आणि अडखळत एकेक शब्द बाहेर येत होता. ज्या नव्या शाळेत या मुलांना पाठवणार होते तिथलं वाचनालय काढून संगणकाची खोली केली आहे, असं इथल्या वाचनालयाच्या बाईंनी सांगितलं.

बैठकीत गावातल्या कुणालाही बोलता येतं, पण तीनच मिनिटं. काकू आयुष्यात कधी माइकसमोर उभ्या राहिल्या नव्हत्या. मी पाहुणी, मला परवानगी नव्हती. म्हणून भाषण मी लिहिलं. पत्रकं लिहून हात तयार झालेला. घड्याळ लावून वाचलं, बरोबर तीन मिनिटं भरली.

संध्याकाळी सभागृहात सात सदस्य ओळीने बसले होते. काकू कोट न काढताच माइकपाशी गेल्या. आदरणीय अध्यक्ष, सन्माननीय सदस्य, उपस्थित शिक्षक आणि पालक, असं मी इंग्रजीत लिहून दिलं होतं. सन्माननीय सदस्य म्हटल्यावर काकूंना नुसतं पद घेणं उद्धट वाटलं असावं. त्यांनी सातही जणांची नावं घेतली, प्रत्येकाकडे बघून, थांबून. मग बोलायची संधी दिल्याबद्दल आभार. मग या देशाने दिलेल्या आसऱ्याबद्दल आभार. मग शिक्षणाचा इतिहास. 'आज आपण एका निर्णायक वळणावर उभे आहोत' इथे त्या पोचल्या आणि वेळ संपल्याचा लाल दिवा लागला. शाळेचं नावसुद्धा आलं नव्हतं.

हा माझा गुन्हा होता. आमच्याकडे पहिली दहा मिनिटं व्यासपीठावरच्यांच्या मानाची असतात, हे मला इतकं अंगवळणी पडलंय की शाळेचं नाव कितव्या मिनिटाला येतं ते मोजायचंच राहिलं.

अध्यक्षबाई थँक यू म्हणाल्या. काकूंनी कागदाची घडी केली आणि दिवा लाल असतानाच इंग्रजीत विचारलं, "एक मुलगी फक्त टेबलाखाली बसून वाचते. नव्या शाळेत ते टेबल कुठे असेल?"

अध्यक्षबाईंनी पुढचं नाव पुकारलं. मी उठून ओरडणारच होते, काकांनी माझी बाही धरून बसवलं. नागरिकांना तिथल्या तिथे उत्तर द्यायचं नाही, असा बोर्डाचा नियमच आहे, म्हणाले. तासाभराने मतं पडली. चार विरुद्ध तीन, शाळा बंद.

गाडीत मी माफी मागितली. काका मन लावून गाडी चालवत होते.

"मी पोरांना रोज सांगते, पहिलं वाक्य तरी पूर्ण वाचा," काकू म्हणाल्या. "आज मलाच ते संपेना. काय वाक्य लिहून राहिली होतीस तू, बाई!" आणि हसल्या.

निघायच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायला गेले, तर त्या चष्मा लावून एक अर्ज भरत होत्या. बोर्डाच्या दोन जागा पुढच्या निवडणुकीत रिकाम्या होणार आहेत. काका म्हणाले, या वयात? काकू म्हणाल्या, टेबलाखाली जाता येतं तर खुर्चीवर बसता येईलच. मी लगेच पत्रक लिहून द्यायला सरसावले.

"नको," काकू म्हणाल्या. "तुझं पत्रक मी ऐकलंय."

परतीच्या विमानात मी अमेरिकेविरुद्धचे मुद्दे लिहायला घेतले. भरपूर होते, अजूनही आहेत. गुण देऊन विकलेल्या शाळा, आलेखांवरची भांडणं, उत्तर न देणारं बोर्ड. पण हरल्यावर समोरच्या खुर्चीचा अर्ज मागवणारी बाईही त्याच देशात भेटली, आणि ते लिहायला मला बरंच जड गेलं. आमच्याकडे प्रत्येक शाळेला पालक आणि गावकऱ्यांची व्यवस्थापन समिती असते, कायद्यानेच. पाच वर्षं मी साहेबांच्या नावाने घोषणा देतेय. घरी पोचल्यावर आईला विचारलं, आपल्या वाडीच्या समितीवर कोण आहे?

आई म्हणाली, "मी. दर महिन्याला सही करते की. तू कधी विचारलंस?"