कस्टमच्या पायऱ्यांवरचा नारळ

आमच्या बंदरावरच्या जुन्या कस्टम कचेरीचं आता हॉटेल झालंय. जिथे खजुराची पोती तोलायचे, त्या काट्याच्या खोलीत संगमरवरी टब बसवलाय, आणि त्यात लोळायला लोक मुंबईहून बोटीने मांडव्याला उतरून गाड्या करून येतात. दगडी भिंतींवरून हात फिरवतात, डोळे मिटून वास घेतात. ज्यांनी ती पोती वाहिली त्यांची नातवंडं आत उष्टी ताटं उचलतात. मी मात्र ताटं उचलत नव्हतो. कोळीवाड्यातला पहिला हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला मी. कोट घालून दारात उभा राहायचो, पाहुण्यांना हवं-नको बघायचो आणि आपलीच माणसं गेटाच्या बाहेर राहतील याची काळजी घ्यायचो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा बघायचा असेल तर माझा तेव्हाचा फोटो बघावा. छान इस्त्री केलेला दांडा होता.

कचेरीच्या मागे खाडीत उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. नारळी पौर्णिमेला गावचा मानाचा नारळ दर्याला द्यायचा तो याच पायऱ्यांवरून, आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या नाखव्याच्या हातून. हा मान माझ्या थोरल्या काकांकडे होता. हॉटेल झालं तशा पायऱ्या कुंपणाच्या आत गेल्या आणि दोन वर्षं गावाने नारळ वाळूवरून दिला. काका तेव्हा आलेच नाहीत. त्यांच्या हातांना कंप सुटला होता, चहाची बशीसुद्धा धरवत नव्हती. तिसऱ्या वर्षी ते आमच्या ओटीवर येऊन बसले.

"यंदा पायरीवरशी माज्या हातानं जाव दे. पुढल्या सालाचा मना भरवसा न्हाय."

आयुष्यात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. माझ्या शिक्षणाची फी त्यांनी भरली होती, हे त्यांनी काढलं नाही. ते मला आपोआप आठवलं, आणि खरं सांगायचं तर त्याचा रागच आला.

मी मॅनेजरकडे गेलो. तो खूश झाला. पाहुण्यांना दाखवायला असंच काहीतरी अस्सल हवंय म्हणाला. फक्त एक अट होती, काट्याच्या खोलीतल्या पाहुण्याने नारळाला हात लावायचा. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "लावू दे की. दर्या काय सोवला हाय?"

पौर्णिमेची भरती दुपारी बाराची. काका कमरेला कोळ्यांचा रुमाल नेसून आणि नवी टोपी घालून आले. सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ त्यांनी छातीशी धरला होता, आणि कंपामुळे तो कागद सारखा कुरकुरत होता. हॉटेलने बोलावलेल्या फोटोवाल्याने मॅनेजरकडे बघितलं. मॅनेजरने माझ्याकडे बघितलं. मला कुणी काही बोललं नाही. मी पुढे झालो आणि म्हणालो, "काका, तुम्ही जरा बाजूला थांबा." घरी मी काकांना अरे-तुरे करतो. कोट अंगावर असला की आदर आपोआप येतो. त्यांच्या हातातून नारळ घेतला आणि पाहुण्याला दिला.

पाहुणा देवभोळा होता. देवळात नारळाचं काय करतात ते त्याला ठाऊक होतं. त्याने बूट काढले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला आणि नारळ डोक्यावर उचलला. दर्याचा नारळ फोडत नाहीत. तो सबंध द्यायचा असतो, सगळ्यांच्या घरची माणसं सबंध परत यावीत म्हणून. आमच्याकडे हे चार वर्षांच्या पोरालाही सांगावं लागत नाही, म्हणून पाहुण्याला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पण त्याचा हात वर गेला तेव्हा पुढे काय होणार ते मला कळलं. 'थांबा' म्हणायला वेळ होता. पाहुण्यावर ओरडायचं नाही, हे मी प्रशिक्षणात पहिल्या नंबराने शिकलो होतो.

नारळ पायरीवर फुटला. पाणी दगडावरून ओघळलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. कुंपणापलीकडे उभ्या असलेल्या बायकांची गाणी थांबली. पाहुण्याने खोबऱ्याचे तुकडे करून मोठ्या प्रेमाने वाटले. मला दिला तो मी खाल्ला. गोड होता. काकांनी आपला तुकडा तळहातावर घेतला, तो तिथे थरथरत राहिला.

मग ते माझ्या कानाशी आले. "बिचाऱ्याला ठाव नव्हता. तू दुसरा नारल आन. मी देतो. भरती अजून हाय."

आतल्या स्वयंपाकघरात नारळाचा ढीग होता. जायला-यायला दोन मिनिटं. पण पाहुणे जेवायला निघाले होते, फोटोवाला पेटी भरत होता, आणि सगळं कसं छान पार पडलं म्हणून मॅनेजर माझी पाठ थोपटत होता. पुन्हा सुरू केलं असतं तर चूक झाली होती हे सांगावं लागलं असतं.

"पुढच्या वर्षी नक्की, काका," मी म्हणालो.

मी काय बोललो ते त्यांना कळलं होतं, आणि मलाही. पाहुण्यांच्या वाटेत येऊ नयेत म्हणून मी त्यांना दंडाला धरून मागच्या गेटाने बाहेर काढलं. मला वाईट वाटलं, असं इथे लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. मला भूक लागली होती.

पुढच्या वर्षी काका होते, पण खाटेवरून उठत नव्हते. मी त्यांना विचारायला गेलो नाही. पाहुण्यांच्या खोल्यांत ठेवायला त्या वर्षी कार्यक्रमाचं जाड, गुळगुळीत कार्ड छापलं होतं. त्यावर लिहिलं होतं: दुपारी बारा वाजता, कोळी परंपरेप्रमाणे, पाहुण्यांच्या हस्ते पायरीवर नारळ फोडणे. मजकूर माझाच होता.