मुंबईतला नाताळ

परवा ऑफिसात कुणीतरी नाताळचा केक वाटला. रमचा तो उग्र गोड वास आला आणि मला मुंबईतलं एक भपकेबाज कॅफे आठवलं.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते, भाऊ चौदाचा. आमच्या गास गावात केळीची वाडी करणाऱ्या पप्पांनी त्या वर्षी आम्हाला शहरातला नाताळ दाखवायचं ठरवलं होतं. रोषणाई फुकट बघायची, आईने डब्यात आणलेलं जेवायचं आणि शेवटी चैन म्हणून कॅफेत बसायचं.

“एक केक आना, आनि चमचे चार,” पप्पा वेटरला हसून म्हणाले.

वेटरने भुवया उंचावल्या. मी घाईघाईने त्याला इंग्रजीत म्हटलं, “सॉरी हं, गावाकडची माणसं आहेत.” तो हसला. मीही हसले.

पप्पांना तेवढं इंग्रजी कळत होतं. त्यांनी चमचा उचललाच नाही. केक तर भुशासारखा कोरडा होता.

ते कॅफे, तो वेटर, सगळंच आज मला फुटकळ वाटतं. पण त्याच्याबरोबर हसणाऱ्या त्या मुलीइतकं फुटकळ कुणीच नाही.

पुढच्या नाताळला पप्पांनी माझ्या हातात पैसे ठेवले. “तुमी दोघं जाऊन या,” ते म्हणाले.

आणि मी खुशाल गेले.