कन्सोलमधले बाबा

लॅपटॉप तापून जळका वास आला की मला कर्वेनगरची खोली आठवते. रूममेट नितीन वर्ध्याचा. त्याचे बाबा आजारी होते, पण आम्ही बनवलेल्या कॉम्प्युटर गेमचं कॉलेजात सबमिशन होतं म्हणून तो थांबला होता.

गेमची स्क्रिप्ट कुठे अडकते हे कळायला आम्ही कन्सोलवर, म्हणजे कोडखालच्या काळ्या चौकटीत, कुणाच्यातरी बोलण्याची नक्कल करणाऱ्या ओळी छापायचो. मी त्याच्या बाबांची टाकली, "नित्या, घरी ये ना बे." ती नेमकी सतत फिरणाऱ्या लूपमध्ये पडली. कन्सोल त्याच ओळीने भरत गेला. मी खोकत खोकत, बाबांच्याच आवाजात वाचत होतो.

नितीन हसला. "बंद कर बे, खरंच बोलावतील!"

बटण दाबलं तरी ओळी थांबेनात. तेवढ्यात नितीनचा फोन वाजला. नंबर बाबांचा, आवाज काकांचा.

नकला मी अजूनही करतो. कन्सोलवर मात्र फक्त आकडे छापतो.