व्हरांडा कोणासाठी बांधला

आमच्या व्हरांड्याचं लोकांनी आजवर कौतुकच केलं. देवपुरात एवढा ऐसपैस व्हरांडा कोणाचा नाही म्हणतात. मी हसते. धुळ्याचा उन्हाळा, मोकळी हवा हवी, असं काहीतरी सांगते. खरं कारण नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आता लपवायचाही कंटाळा आलाय, म्हणून तुम्हाला सांगून टाकते.

घराचा नकाशा काढताना हॉल लहान करून व्हरांडा मोठा करायचा हट्ट माझा होता. कशासाठी? रत्नासाठी. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकवायचो. डबा एकत्र, पेपर तपासणं एकत्र — माझ्या बाळंतपणात माझे वर्ग तिनेच सांभाळले. ती पारोळ्याची, बौद्ध. आणि सासूबाईंना ती घरात चालणार नव्हती. त्यांच्याशी भांडायची हिंमत माझ्यात नव्हती. मग काय करावं? मी अशी जागाच बांधली की तिला आत बोलवायची वेळ येऊ नये. वेताच्या खुर्च्या, कुंड्या, झोका — सगळी सरबराई बाहेर. ती कितीतरी वर्षं आली, बसली, गेली. तिला कळत नव्हतं? कळत होतंच. सासूबाईंच्या वयाकडे बघून ती गप्प राहायची, आणि मीही सगळं त्यांच्याच नावावर खपवायचे.

सासूबाई गेल्या. महिन्याभराने रत्ना भेटायला आली. मे महिना, भर दुपार, व्हरांड्यातली फरशीसुद्धा तापलेली. मी सवयीने खुर्ची पुढे सरकवली. ती बसली नाही. एरवी माझ्याशी शाळेतलं मराठी बोलणारी ती, हळूच अहिराणीत म्हणाली, "ताई, आते तं घरमा कोनी नही शे ना?"

नव्हतंच कोणी. मग मला अडवत कोण होतं? देवघर हॉललाच लागून आहे — एवढंच माझ्या मनात आलं. लिहायला लाज वाटते, पण तेच आलं. नको म्हणणारी आता मीच होते. कदाचित आधीही मीच होते.

मी म्हणाले, "आत लाइट गेलीये गं."

ती पदराने घाम पुसत खुर्चीत बसली. मुलांची चौकशी केली. दार उघडंच होतं, आणि चहा संपेपर्यंत आतल्या पंख्याची करकर आम्हा दोघींना ऐकू येत होती. त्यानंतर रत्ना आली नाही. मीही तिला बोलावलं नाही.